एकोणतीस माणसे, बारा कामे

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेत ‘ताणमुक्त काम’ या विषयावर एक दिवसाचे शिबिर झाले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आम्हाला सतरंजीवर बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि श्वास मोजायला लावले. शिबिर वाईट नव्हते. भर कामाच्या दिवशी दोन तास स्वस्थ बसायला मिळाल्याचा आनंद आम्हालाही झाला. संध्याकाळी प्रयोगशाळेत परतलो तेव्हा आमचे मामा कपबश्या विसळत होते. सकाळपासून तीनदा चहा आणि एकदा जेवण असे सगळ्यांचे त्यांनी केले होते. “कसं वाटलं शिबिर, मामा?” आम्ही सहज विचारले. “चांगलं झालं असणार, सर,” ते म्हणाले. “सगळ्यांनी डोळे मिटले होते, त्यामुळे आम्ही काही दिसलो नसू.”

मामांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि ‘ताण घेऊ नका’ असे बजावले आहे. आता गंमत अशी की, ताण ही काही मामांनी दुकानातून घेतलेली वस्तू नव्हे. तीन प्रयोगशाळा आणि एक कार्यालय अशा चार ठिकाणच्या घंटा त्यांच्यासाठी वाजतात आणि कोणती घंटा आधी, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. मग ताण नेमका असतो कुठे? मामांच्या शरीरात, त्यांच्या स्वभावात, की कामाच्या मांडणीत? हा प्रश्न नुसत्या सहानुभूतीचा नाही. तो विज्ञानाचाही आहे आणि त्याचा अभ्यास झालेला आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग तर आपल्या शेजारच्या अहमदाबादेतच झाला.

अहमदाबादचे साळखाते

१९५२ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवण्यात आले. मागाच्या कामाची आधी थोडी ओळख करून घेऊ. कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडवे धागे म्हणजे बाणा. बाण्याचा धागा कांडीवर गुंडाळलेला असतो आणि कांडी धोट्यात बसवलेली असते. धोटा ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळतो आणि कापड विणले जाते. साध्या मागावर कांडी संपली की विणकराला माग थांबवून नवी कांडी घालावी लागते. स्वयंचलित मागावर कांड्यांचा साठा मागालाच जोडलेला असतो. एक कांडी संपली की दुसरी आपोआप धोट्यात जाते. ताण्याचा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. विणकराने फक्त तुटलेला धागा जोडायचा आणि माग पुन्हा चालू करायचा. म्हणजेच एक विणकर पुष्कळ माग सांभाळू शकतो. उत्पादन वाढेल, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात मात्र कापड अपेक्षेइतके निघेना आणि खराब मालाचे प्रमाणही कमी होईना. यंत्रे तपासली, हवेतला दमटपणा तपासला, सूत तपासले, दोष सापडेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधील ए. के. राइस हे संशोधक तिथे आले. राइस यांनी यंत्रांऐवजी माणसांच्या कामाची वाटणी कशी केली आहे, ते पाहायला सुरुवात केली.

त्या साळखात्यात २२४ माग होते. एका पाळीत २९ माणसे काम करत आणि त्यांची कामे बारा प्रकारची होती. ८ जण विणकर, ५ जण कांड्या भरणारे, ३ जण मोठी तूटफूट सावरणारे; ताण्याचा नवा रूळ चढवणारे, कापड वाहून नेणारे, जॉबर आणि त्यांचे मदतनीस प्रत्येकी २; आणि तेल घालणारा, झाडणारा, हवेतला दमटपणा राखणारा असे एकेकटे ५ जण. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले होते आणि त्यावरून कोणत्या कामाला किती माणसे, हे काढले होते. हिशेब अगदी चोख होता.

आता हाच हिशेब एका विणकराच्या बाजूने मांडून पाहू. आठ विणकरांमध्ये कांड्या भरणारे पाच, म्हणजे एका विणकराच्या वाट्याला ५/८ माणूस. तूटफूट सावरणारा ३/८. जॉबर १/४. तेल घालणारा १/८. वर्गात अपूर्णांक शिकवताना आपण ‘अर्धा माणूस’ असे उत्तर आले की ते चुकले असे समजतो. या गिरणीत मात्र ते उत्तर बरोबर धरून कामाची आखणी झाली होती! बरे, हे अपूर्णांकही एकमेकांशी जुळत नव्हते. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, तूटफूट सावरणाऱ्याकडे ६० ते ८०, तर जॉबरकडे ११२. प्रत्येकाच्या हद्दीची रेघ वेगळ्या ठिकाणी पडत होती. माग बंद पडला की विणकराने हाक मारायची; पण ज्याला मारायची तो त्याच वेळी दुसऱ्या दोन विणकरांचाही असायचा. कोणाकडे आधी जायचे? याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. मग भांडण, वाट पाहणे किंवा पर्यवेक्षकाकडे तक्रार. २९ माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात? २९ गुणिले २८ भागिले २, म्हणजे ४०६. यातली कोणती जोडी केव्हा अडेल, याचा नेम नाही आणि ती सोडवणार एकटा पर्यवेक्षक.

राइस यांनी व्यवस्थापकांसमोर एक साधी कल्पना मांडली. संपूर्ण साळखात्यासाठी २९ सुटी माणसे ठेवण्याऐवजी मागांचे काही संच करावेत आणि प्रत्येक संच एका लहान गटाकडे पूर्णपणे सोपवावा. त्या संचावरचे विणणे, कांड्या, दुरुस्ती हे सगळे त्या गटाचे. कोणी कोणाला केव्हा मदत करायची, ते गट आपसात ठरवील. सात जणांच्या गटात जोड्या फक्त २१ होतात. माणसे एकमेकांना ओळखू शकतात, हाकेच्या अंतरावर असतात आणि ‘माझे माग’ऐवजी ‘आपले माग’ असे म्हणू शकतात.

ही कल्पना कामगारांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी ती तत्काळ उचलून धरली. कोणी कोणाबरोबर काम करायचे, याची जुळवाजुळव त्यांनी स्वतःच केली. राइस यांना गुजराती येत नव्हते. कामगारांना समजावून पटवून देण्याची वेळच आली नाही. सुरुवातीचे अडथळे पार झाल्यावर जे आकडे स्थिर झाले ते असे: मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. यंत्रे तीच, माणसे तीच. बदलली ती त्यांच्यामधली नाती.

कोळशाच्या खाणीतला धडा

ही कल्पना राइस यांच्या संस्थेला सुचली कुठून? ती इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींतून आली होती. तिथे पूर्वी दोन-चार खाणकामगारांची तुकडी स्वतःच्या पसंतीने जमे. खोदणे, भरणे, छताला आधार देणे ही सगळी कामे ती तुकडी करी. एखादा जखमी झाला तर बाकीचे त्याच्या घरच्यांकडे पाहत. पुढे यंत्रे आली आणि काम तीन पाळ्यांत तोडले गेले. पहिली पाळी कोळसा कापायची, दुसरी पट्टा सरकवायची, तिसरी कोळसा भरायची. एका पाळीने काम अर्धवट ठेवले तर त्याचा भुर्दंड पुढच्या पाळीवर, आणि ती माणसे एकमेकांना भेटतसुद्धा नसत. १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॅमफोर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते, हे महत्त्वाचे. त्यांना दिसले की यंत्र आल्यानंतर गैरहजेरी, आपसातला अविश्वास आणि मनाच्या ताणातून येणारी शारीरिक दुखणी वाढली होती. यंत्राला नावे ठेवण्यात अर्थ नव्हता. यंत्र बसवताना माणसांची घडी विस्कटली होती आणि ती पुन्हा बसवायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

यातून जो विचार पुढे आला तो थोडक्यात असा: कामाची जागा ही एकाच वेळी यंत्रांची रचना असते आणि माणसांचीही. एक सुधारून दुसरी बिघडवली तर दोन्ही बिघडतात. समग्र दृष्टी म्हणतात ती हीच.

हुद्दा आणि हृदय

हे झाले उत्पादनाचे. पण आपला मूळ प्रश्न मामांच्या रक्तदाबाचा होता. कामाच्या मांडणीने खरोखर आजार होतो का?

लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे. तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. ही सगळी टेबलखुर्चीवरची माणसे. विषारी धूर नाही, खाणीतला काळोख नाही, पगार नियमित, सरकारी आरोग्यसेवा सर्वांना मोफत. त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी होती की मोठ्या साहेबांवर जबाबदारी जास्त, म्हणून हृदयविकार त्यांनाच जास्त. आकडे उलटे निघाले. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवले की सर्वांत खालच्या श्रेणीतील, म्हणजे निरोपे, शिपाई अशा कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या ३.६ पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून अधिक फरक उरतच होता. शिवाय हा फरक फक्त वर आणि तळाशी नव्हता. तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा होता. दुसऱ्या पायरीवरचा माणूस पहिल्या पायरीवरच्यापेक्षा थोडा अधिक आजारी.

मग उरलेले कारण कोणते? अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली एक उपयुक्त भेद मांडला. कामाचा बोजा ही एक गोष्ट आणि ते काम कसे, केव्हा करायचे हे ठरवण्याची मुभा ही दुसरी. बोजा जास्त पण मुभाही जास्त, असे काम माणसाला थकवते, पण काही शिकवतेही. बोजा जास्त आणि मुभा मात्र नाही, हे काम माणसाला पोखरते. व्हाइटहॉलचा दुसरा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. त्यात १०,३०८ स्त्रीपुरुष होते. १९९७ साली त्याचे जे निष्कर्ष आले त्यात कामावर मुभा कमी असणाऱ्यांना हृदयविकार होण्याचा धोका अधिक दिसला आणि वरच्या व खालच्या श्रेणींमधला पुष्कळसा फरक या एका गोष्टीने उलगडला.

शरीरात हे कसे घडत असावे? अचानक साप दिसला तर मेंदूकडून संदेश जातो, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात, हृदय जोराने चालते, रक्तातली साखर वाढते. साप गेला की सर्व पूर्वपदावर येते. ही व्यवस्था थोड्या वेळासाठी आहे आणि त्यासाठी ती उत्तमच आहे. पण केव्हा वाजेल याचा नेम नसलेली घंटा दिवसभर डोक्यावर असेल तर साप कधी जातच नाही. संप्रेरकांची पातळी वारंवार चढती राहिली तर रक्तदाब, साखर आणि रक्तवाहिन्या यांवर कालांतराने परिणाम होतो.

इथे एक सावधगिरी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. व्हाइटहॉल हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. खालच्या श्रेणीतील माणसांचे बालपण, शिक्षण, घर यांतही फरक असतात. ते वजा करण्याचा प्रयत्न संशोधकांनी केला, पण असे हिशेब कधीच पुरते संपत नाहीत.

शिबिरांनी काय होते?

बरे, मग शिबिरांचे काय? कर्मचाऱ्यांचे वजन मोजणे, व्यायामाला बक्षिसे, ताणमुक्तीचे वर्ग यांवर आज जगभर पुष्कळ खर्च होतो. त्यांचा उपयोग होतो असे सांगणारे अहवालही भरपूर असतात. ते बहुधा असे तयार होतात: शिबिराला आलेले आणि न आलेले यांची तुलना करायची. आलेले अधिक निरोगी दिसतात. निष्कर्ष, शिबिर यशस्वी!

या तुलनेतला दोष नववीच्या मुलालाही सापडावा. शाळेत पहाटे धावायला बोलावले तर कोण येते? जो आधीपासून धावतो तो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली हे नीट तपासण्यात आले. ४,८३४ कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे यदृच्छेने, वाटणी केली. काहींना आरोग्य कार्यक्रम देऊ केला, काहींना नाही. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासण्या करून घेणाऱ्यांची संख्या वाढली आणि ‘संस्थेला आपल्या प्रकृतीची काळजी आहे’ अशी भावनाही वाढली. पण वैद्यकीय खर्चात किंवा व्यायामासारख्या सवयींत ठळक फरक पडला नाही. मात्र त्याच कर्मचाऱ्यांमध्ये आलेले आणि न आलेले अशी जुन्या पद्धतीची तुलना केली असती, तर कार्यक्रम फार गुणकारी ठरला असता. आलेले लोक मुळातच निरोगी होते.

यावरून श्वासाचे व्यायाम निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. ज्याला ते आवडतात त्याने जरूर करावेत. पण कामाची मांडणी तशीच ठेवून माणसाला श्वास मोजायला लावणे म्हणजे छत गळते तिथे बादली ठेवणे. बादली हवीच; पण कौलेही चाळायला हवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या ‘बर्न-आउट’चे वर्णन करताना त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले. २०२२ सालच्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांतही एकेका व्यक्तीसाठीच्या उपायांबरोबर कामाची मांडणी बदलण्यावर भर आहे.

खंडोबाचा वार आणि तोंडातला धागा

आता राहिला संस्कृतीचा मुद्दा. कामाची चांगली मांडणी कुठूनही उचलून कुठेही बसवता येत नाही. ती तिथल्या माणसांच्या रीतीशी जुळावी लागते. मुंबईच्या गिरण्यांचेच उदाहरण घेऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. ती सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. ती मागताना रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही मांडले गेले. इंग्रज मालकाला रविवारी चर्चला जायचे होते. पण घाटावरून आणि कोकणातून आलेल्या कामगाराला सुट्टी आपली वाटली पाहिजे, तर तिला त्याच्या दिनक्रमात जागा हवी. विश्रांतीची गरज शरीराची असते, पण विश्रांतीचा अर्थ संस्कृती ठरवते.

परंतु ‘संस्कृती जपा’ एवढेच म्हणून भागत नाही. त्याच गिरण्यांतले दुसरे उदाहरण पाहू. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साळखात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, येऊ दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. आरोग्याच्या दृष्टीने तोंडाने धागा ओढणे सगळ्यांनाच घातक होते. त्यावर धोटा बदलणे हा उपाय होता आणि पुढच्या स्वयंचलित मागांत धागा आपोआप ओवला जाऊही लागला. पण माणसांनी धोटा न बदलता माणसेच बाहेर ठेवली. म्हणून संस्कृतीचे भान म्हणजे प्रत्येक रूढीपुढे मान तुकवणे नव्हे. कोणती रीत माणसाला आधार देते आणि कोणती त्याला दाराबाहेर ठेवते, हे ओळखणे म्हणजे भान.

भाषेचेही तसेच आहे. कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य मोजायच्या बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीत तयार झालेल्या असतात. इंग्रजीत उदासपणा निळ्या रंगाने सांगतात. त्याचे शब्दशः मराठी केले तर उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोरपीस येईल किंवा भीमजयंतीचा झेंडा. उदासपणा येणार नाही. आपल्याकडे माणूस ‘डोकं जड झालंय’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘हातापायातलं बळ गेलं’ असे सांगतो. आणि हल्ली खेड्यापाड्यांतही सर्रास ‘टेन्शन’ म्हणतो. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात झिम्बाब्वेत काम करताना तिथल्या शोना भाषेत लोक स्वतःचा त्रास कसा सांगतात, ते आधी ऐकले. ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे, हा त्यातला एक शब्द. मग त्या शब्दांतून प्रश्नावली तयार केली. पुढे गोव्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सरकारी केंद्रांमधील रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. आधी ऐकायचे, मग मोजायचे, हा क्रम महत्त्वाचा.

अहमदाबादच्या प्रयोगाकडे या दृष्टीने पुन्हा पाहावेसे वाटते. हातमागाच्या घरात विणकाम हे एकट्याचे काम कधीच नव्हते. कोणी मागावर बसे, कोणी कांड्या भरी, कोणी ताणा लावी आणि कापड सगळ्यांचे असे. गटाची कल्पना कामगारांनी झटकन उचलली यामागे ही ओळख असावी, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे. मात्र गटाची रचना वरून लादली न जाता त्यांनी स्वतः केली, ही गोष्ट नोंदलेली आहे आणि आमच्या मते सर्वांत मोलाची तीच.

या प्रयोगाचा शेवट गोड आहे का? एरिक मिलर यांनी १९७० साली तिथे पुन्हा जाऊन पाहिले. एका ठिकाणी गटपद्धत जवळजवळ तशीच टिकून होती. इतरत्र ती कमीअधिक विरली होती. मालाचे प्रकार आणि बाजार बदलत गेले, तशी कामाची घडीही बदलत गेली होती. पुढे ती गिरणीही बंद पडली. कामाची चांगली मांडणी ही एकदा लस टोचली की झाले, अशी गोष्ट नाही. तिला घरासारखी दरवर्षी डागडुजी लागते.

शिक्षकांच्या खोलीत

हे सर्व शिक्षकांना कशासाठी सांगायचे? एक तर, शाळा ही सुद्धा कामाची जागा आहे. शिकवणे, उत्तरपत्रिका, पोषण आहाराचा हिशेब, मतदार याद्या, ऑनलाइन भरायची माहिती, स्नेहसंमेलन: एका कागदावर ही बारा कामे लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न मांडावेत. हे काम केव्हा व कसे करायचे ते कोण ठरवते? ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणाला दिसते? आणि ते करणाऱ्याला शेवटचे कधी विचारले होते? या यादीत शाळेचे शिपाई आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई यांची नावेही असावीत. त्या कागदावर आपल्या वाट्याला किती अपूर्णांक येतात, ते आपल्याला दिसेल.

दुसरे, हा विषय वर्गात करून पाहता येतो. आठ मुलांचे दोन गट करा. दोघांनीही जुन्या कागदांची पाकिटे बनवायची आहेत. पहिल्या गटात एकाने फक्त कापायचे, दुसऱ्याने फक्त घडी घालायची, तिसऱ्याने चिकटवायचे, चौथ्याने मोजायचे; जागा सोडायची नाही, बोलायचे नाही. दुसऱ्या गटाने काम आपसात हवे तसे वाटून घ्यायचे. वीस मिनिटांनी पाकिटे मोजा, फाटकी वेगळी काढा आणि प्रत्येकाला कसे वाटले ते त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा. मग गटांच्या भूमिका अदलाबदल करून पुन्हा तेच करा. नाहीतर हुशार मुले एका गटात होती की काय, ही शंका राहील. उत्तर काय येईल ते आम्ही सांगत नाही. कदाचित पहिला गट जास्त पाकिटे करील. तसे झाले तर चर्चा अधिकच रंगेल.

शेवटी मामांविषयी. शिबिरानंतर आम्ही वर सांगितलेला कागद आमच्या प्रयोगशाळेसाठी केला. मामा आमच्या वाट्याला १/४ येत होते आणि हे इतक्या वर्षांत आमच्या ध्यानातही आले नव्हते. आम्ही चारही ठिकाणच्या लोकांनी एकत्र बसून त्यांनाच विचारले, काय बदलावे? त्यांनी फार काही मागितले नाही. घंटा बंद करा, म्हणाले. काचसामान धुवायला आणि टपाल न्यायला दिवसातल्या दोन वेळा ते ठरवतील आणि फळ्यावर लिहितील. त्यात बदल हवा असेल तर त्यांना येऊन सांगायचे. आता फळ्यावर मामांचे अक्षर असते आणि घाई असलेला संशोधक उठून त्यांच्यापर्यंत चालत जातो.

मामांचा रक्तदाब यामुळे उतरला का? ते आम्ही सांगू शकत नाही. गोळ्याही चालू आहेत, आणि एका माणसावर, तुलनेसाठी दुसरा कोणी नसताना, निष्कर्ष काढता येत नाही हे आम्हीच वर लिहून बसलो आहोत. एवढे मात्र नोंदवतो की पुढच्या शिबिराचे पत्रक आले तेव्हा मामांनी ते स्वतः वाचले आणि विचारले, “सर, या वेळी चहा बाहेरून मागवला तर?”

तसे करायचे ठरले आहे.